सम्राज्ञी पुढे, देवी मागे

मनगटावरचं घड्याळ काढून ठेवा, मोबाइलही. अंगात गुडघ्यापर्यंतचा लोकरी अंगरखा, कमरेला दोरी, पायात चामड्याच्या वहाणा, एवढंच पुरे. कुणी ओळख विचारलीच तर गुलाम म्हणून सांगा. आपण जातोय तिथे बरेचसे कामकरी गुलाम आहेत किंवा गुलामीतून सुटलेले. त्यांच्यात एक वाढला तर कुणी वळूनही बघणार नाही.

रोम, सेलियन टेकडीजवळ, इ.स. 141

आधी आवाज येतो. ठण्ण. लगेच दुसरा, मग तिसरा, आणि मग मोजणं सुटतं. कोळशाची धग गालांना लागते, धुराने डोळे चुरचुरतात. ही साम्राज्याची टांकसाळ. पूर्वी ती कॅपिटोलाइन टेकडीवर, जुनो मोनेटा देवीच्या देवळाशेजारी होती. आता ती इथे आली आहे. पुढे या परिसरात सान क्लेमेन्तेचं चर्च उभं राहील आणि इथे सापडलेल्या शिलालेखांतून जगाला टांकसाळीतले हुद्दे कळतील: ठसे सांभाळणारे, चकत्या मांडणारे, घण मारणारे. ते लेख या कामगारांनीच 115 साली, ट्रेजनच्या राज्यात, देवांना वाहिलेले आहेत.

तुमच्या वाट्याला चकत्या मांडायचं काम आलंय. ऐरणीत खालचा ठसा घट्ट बसवलेला आहे. त्यावर चेहरा उलटा आणि खोल कोरलेला. भट्टीतून आलेली तापलेली चांदीची चकती चिमट्याने उचलायची, ठशावर बरोबर मधोमध ठेवायची आणि हात मागे घ्यायचा. शेजारचा माणूस वरचा ठसा चकतीवर धरतो. तिसऱ्याने घण उचललेला असतो.

"हात काढ!" तो खेकसतो.

तुम्ही हात ओढता. ठण्ण. एका घावात दोन्ही बाजू उमटतात. नाणं टोपलीत पडतं, तोवर तुमच्या चिमट्यात दुसरी चकती असावी लागते.

घाईत एकदा गफलत होते. मारलेलं नाणं वरच्या ठशालाच चिकटून राहतं, कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि पुढची चकती त्याच्याखाली जाते. तिच्या एका बाजूला नेहमीसारखा चेहरा उठतो. दुसऱ्या बाजूलाही तोच चेहरा, पण उलटा आणि आत दबलेला. मुकादम शिवी हासडतो. अशी फसलेली काही नाणी तशीच बाजारात जातात. अठराशे वर्षांनी संग्राहक ती मुद्दाम शोधत फिरणार आहेत.

आता टोपलीतलं एक निवलेलं दिनारियस हातात घ्या. अंगठ्याच्या नखाहून थोडं मोठं, सव्वातीन ग्रॅमच्या आसपास. याची सोळा तांब्याची आस नाणी मिळतात. अशी तीनशे दिनारियस म्हणजे लीजनमधल्या साध्या सैनिकाचा वर्षाचा पगार. त्यावर एका बाईचा चेहरा आहे. वेण्या डोक्याभोवतून फिरवून माथ्यावर गुंडाळलेल्या, नाक सरळ, मान ताठ. भोवती अक्षरं: डीवा फाउस्टिना. देवत्व मिळालेली फाउस्टिना. सम्राट अँटोनायनस पायसची ही बायको 140 साली वारली, आणि सिनेटने तिला देवीचा दर्जा दिला.

नाणं उलटं करा. हातात मशाल आणि धान्याची कणसं घेतलेली सेरेस. शेजारच्या ऐरणीवर दुसरा ठसा चालू आहे, त्यात जुनोचा मोर. मेलेल्या सम्राज्ञीला स्वर्गात नेणारा पक्षी हाच. पलीकडे व्हेस्टा, त्यापुढे मूर्तिमंत शाश्वती. पुढची वीस वर्षं, म्हणजे नवरा जाईपर्यंत, या मेलेल्या बाईच्या नावाने नाणी पडत राहणार आहेत. काही नाण्यांवर तिच्या नावाने गरीब मुलींसाठी काढलेल्या निधीचीही नोंद आहे.

नवऱ्याचं प्रेम असेलही. पण एवढी चांदी नुसत्या प्रेमापोटी खर्ची पडत नाही. अँटोनायनसला आधीच्या सम्राटाने, हेड्रियनने, दत्तक घेतलं होतं. त्याचे दोन्ही मुलगे आधीच गेले. त्यानेही मार्कस ऑरेलियस आणि लुसियस व्हेरस यांना दत्तक घेतलंय. या घराण्यात रक्ताचा धागा उरलाय तो फक्त फाउस्टिनाच्या मुलीच्या बाजूने. आईला देवी केलं की मुलगी देवीची लेक होते, आणि जावई देवीचा जावई. 'शाश्वती' मागच्या बाजूला उगाच उभी नाही. नेमकी तीच या घराण्याला हवी आहे.

संध्याकाळी बाहेर पडा आणि फोरममधून चालत या. पवित्र मार्गावर तिचं देऊळ उभं राहतंय. हिरवट पट्ट्यांच्या संगमरवराचे अखंड खांब चढवताना मजूर घामाघूम झालेत. 161 साली नवरा वारल्यावर तोही याच देवळात येणार, आणि त्याचं नाव तिच्या नावाच्या वर कोरलं जाणार. दोन्ही ओळी आजही वाचता येतात.

रोम, एक बेकरी, इ.स. 161 ची अखेर

वीस वर्षं ओलांडलीत. पावाचा वास नाकात भरतो. गाढव जात्याभोवती फिरतंय. गिऱ्हाइकाने टाकलेलं दिनारियस दुकानदारीण उलटंपालटं करून बघते आणि तुमच्यापुढे धरते.

"बघितलंस? जुळे."

पुढे धाकटी फाउस्टिना, मार्कस ऑरेलियसची राणी, देवीची लेक. केस आईसारखे माथ्यावर नाहीत. लाटांसारखे मागे ओढून मानेवर अंबाडा घातलाय. मागे एक सिंहासन, आणि त्यावर दोन तान्ही बाळं. भोवतीची अक्षरं सांगतात की हे युग सुखाचं आहे. ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी लॅनुव्हियमला तिला जुळे मुलगे झाले. बाप त्याच वर्षी सम्राट झाला होता.

या बाईला डझनभर तरी मुलं झाली. पहिलं मूल 147 साली झालं, आणि लगेच तिला 'ऑगस्टा' ही पदवी मिळाली, नवरा सम्राट व्हायच्या चौदा वर्षं आधी. तेव्हापासून तिच्या नाण्यांच्या मागे देवींची रांग लागली आहे. प्रसूतीची जुनो लुसिना, मातृदेवता व्हीनस जेनेट्रिक्स, सुफलतेची फेकुन्दितास. फेकुन्दितासच्या कडेवर, हातांत, पायांशी मुलं असतात. रोममधल्या बाया ती मुलं मोजतात.

दुकानदारीण नाणं गल्ल्यात टाकते. तिला जे माहीत नाही ते तुम्हाला माहीत आहे. जुळ्यांपैकी एक चार वर्षांचा होऊन जाणार. उरलेला कॉमोडस पुढे गादीवर बसणार. 165 च्या सुमाराला पूर्वेकडून परतलेल्या फौजा सोबत साथ घेऊन येतील, आणि ती वर्षानुवर्षं माणसं नेत राहील. तरी फेकुन्दितास नाण्यावर हसतमुख उभीच असेल. मुलं जगत नव्हती, म्हणूनच तिची इतकी गरज होती.

पुढे डॅन्यूबकाठच्या लढाया पेटल्या तेव्हा नवऱ्यासोबत छावणीत गेलेल्या याच फाउस्टिनाला 'छावणीची माता' ही नवी पदवी मिळाली, आणि मुलांच्या जागी नाण्यावर लष्करी निशाणं आली. देवी कोणती आली आहे ते पाहिलं की त्या वर्षी राज्याची झोप कशाने उडाली होती ते कळतं.

रोम, गुरांचा बाजार, इ.स. 196

टायबरकाठी शेणाचा आणि ओल्या दोरखंडांचा वास. बैल हंबरतायत. बाजाराच्या कडेला सराफ लाकडी पाटावर तराजू मांडून बसलेत. तुमच्या मुठीत एका सैनिकाकडून आलेली दोन दिनारियस आहेत. सराफ आधी डोळ्यांजवळ धरतो, मग बोट फिरवतो, मग वास घेतो, शेवटी पाटावर आपटून आवाज ऐकतो. नाणं पारखायची त्यांची रीत हीच.

"हे जुनं, फाउस्टिनाचं. चांगलं आहे." दुसरं वाजवून तो ओठ मुडपतो. "हे नवं."

नव्यावरचा चेहरा रोमने यापूर्वी कधी न पाहिलेला. केसांच्या जाड, समांतर लाटा कानांवरून खाली येऊन मागे मोठ्या अंबाड्यात बांधलेल्या. हा टोपच असावा असं पुढे अनेक अभ्यासकांना वाटेल. जुलिया डोम्ना. सीरियातल्या एमेसाची, म्हणजे आजच्या होम्सची. बाप तिथल्या सूर्यदेवाचा पुजारी. नवरा, सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस, आफ्रिकेतल्या लेप्टिस मॅग्नाचा. हिच्या कुंडलीत राजाशी लग्न लिहिलंय हे कळल्यावर त्याने तिला मागणी घातली अशी कथा सांगतात.

मागच्या बाजूला व्हीनस, पण पाठमोरी. वस्त्र कमरेखाली सरकलेलं, एक कोपर खांबावर टेकलेलं, हातात सफरचंद आणि ताडाची फांदी. ही विजय देणारी व्हीनस. 193 साली सम्राट पर्टिनॅक्सचा खून झाला, त्याच्या अंगरक्षकांनी गादीचा लिलाव केला आणि डिडियस जुलियानसने ती विकत घेतली. जूनमध्ये सेव्हेरस फौज घेऊन शहरात शिरला. पूर्वेला नायजर, पश्चिमेला अल्बिनस हे दावेदार उभे होते. एकाचा निकाल लागलाय, दुसऱ्याचा लागायचाय. अशा वेळी राणीच्या पाठीशी शृंगाराची व्हीनस असून चालत नाही, जिंकणारीच लागते. 195 साली डोम्नालाही 'छावणीची माता' ही पदवी मिळाली. सेव्हेरसची गादी ज्यांच्या जोरावर टिकून होती त्यांच्यासाठीच ती पदवी होती.

सराफाने ओठ का मुडपले? सेव्हेरसने सैनिकांचे पगार वाढवले, तीन नवे लीजन उभे केले, आणि पैसा पुरेना तेव्हा चांदीत तांबं वाढवलं. नव्या दिनारियसमध्ये चांदी जेमतेम निम्मी आहे. व्हीनसचं कोरीवकाम नितळ, अक्षरं सुबक, पण आवाज बसका.

हा हिशेब समुद्रापलीकडे फार आधी कळला होता. दोन क्षण तिकडे डोकावू या. पहिल्या शतकाच्या मध्यावर बरिगाझा, म्हणजे भरूच बंदर. पैठणचे अकीक आणि तेरचं कापड बैलगाड्यांनी इथे उतरतंय. 'पेरिप्लस' लिहिणारा ग्रीकभाषी दर्यावर्दी नोंदवतो की रोमन सोन्याचांदीची नाणी इथल्या नाण्यांशी बदलली तर नफा होतो. टायबेरियसच्या ज्या दिनारियसच्या मागे फांदी हातात घेऊन एक स्त्री बसलेली असते, आणि जिच्यात अनेकांना सम्राटाची आई लिव्हिया दिसते, ती दक्षिण भारतात, विशेषतः कोइंबतूरच्या बाजूला, ढिगांनी सापडली आहेत. आपल्याकडच्या व्यापाऱ्याला लिव्हियाशी कर्तव्य नव्हतं. त्याला चांदी चोख हवी होती. 64 साली नीरोने वजन आणि कस दोन्ही उतरवले, आणि त्यानंतर इकडे येणाऱ्या रोमन नाण्यांत सोनं वरचढ होत गेलं. रोमच्या सैनिकाला मात्र निवड नव्हती. मिळेल ते दिनारियस त्याला घ्यावंच लागे.

रोम, इ.स. 202

शहर सजलंय. सम्राटाचा थोरला मुलगा कॅराकॅला, वय चौदा, याचं लग्न अंगरक्षकांचा प्रमुख प्लॉटियानस याच्या मुलीशी लागतंय. तिने आणलेलं स्त्रीधन पन्नास राण्यांना पुरलं असतं, असं इतिहासकार कॅसियस डिओ लिहील. लोक वाटेत उभे राहून सामानाची रांग बघतायत.

टांकसाळीत ठसे तयारच होते. पुढे नवरी प्लॉटिलाचा पोरसवदा चेहरा. मागे कॉन्कॉर्डिया, एकोप्याची देवी. दुसऱ्या नाण्यावर नवराबायको हातात हात घेऊन उभे, आणि वंश वाढावा असा मजकूर. प्रत्यक्षात नवऱ्याला बायको नजरेसमोरही नको होती. जानेवारी 205 मध्ये सासऱ्याचा राजवाड्यातच खून झाला, प्लॉटिलाला लिपारी बेटावर धाडलं, आणि कॅराकॅला एकटा सत्ताधीश झाल्यावर तिथेच मारून टाकलं. कॉन्कॉर्डियाच्या पूर्ण वाटचालीत इतकी उघडी पडलेली नाणी थोडीच असतील.

पुन्हा गुरांचा बाजार, इ.स. 212

त्याच सराफांच्या पाटांशेजारी आता एक दगडी कमान उभी आहे. 204 साली सराफ आणि गुरांचे व्यापारी यांनी मिळून ती राजघराण्याला अर्पण केली. आत शिरा आणि भिंतीकडे बघा. सेव्हेरस आहे, शेजारी डोम्ना आहे. तिच्या बाजूला दगड खरवडलेला, नुसता सपाट. तिथे धाकटा मुलगा गेटा होता. समोरच्या भिंतीवर कॅराकॅला एकटा उभा आहे. त्याच्याजवळची प्लॉटिला आणि तिचा बापही छिन्नीने नाहीसे केलेत.

सेव्हेरस 211 च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये वारला. दोघे भाऊ मिळून राज्य करणार होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये समेटाच्या निमित्ताने आईच्या दालनात बोलावून कॅराकॅलाने गेटाला मारवलं. तो आईच्या मिठीत मेला. तिला रडायचीही मुभा नव्हती, असं डिओ लिहितो.

आता तिची नवी नाणी बघा. नाव लांबलंय: जुलिया पिया फेलिक्स ऑगस्टा, म्हणजे धर्मशील आणि भाग्यवान. मागे बसलेल्या स्त्रीभोवती ती सम्राटांची, सिनेटची आणि पितृभूमीची माता असल्याची अक्षरं. रोमच्या कुठल्याही सम्राज्ञीला इतकं मोठं मातृत्व आजवर मिळालं नव्हतं, आणि तिचा एक मुलगा दुसऱ्याने मारलेला.

कमान खरवडता येते, शिलालेखातली नावं खोडता येतात. पण बाजारात पसरलेली नाणी पुन्हा गोळा करणार कोण? गेटाची आणि प्लॉटिलाची दिनारियस लोकांच्या थैल्यांत तशीच फिरत राहिली. ती आजही मिळतात, इतकी की प्लॉटिलाचा चेहरा आपल्याला ठाऊक आहे तो त्यांच्यामुळेच.

215 साली कॅराकॅला एक मोठं चांदीचं नाणं काढतो. त्यावर सम्राटाच्या डोक्यावर सूर्यकिरणांचा मुकुट असतो आणि डोम्नाचा चेहरा चंद्रकोरीवर टेकलेला. किंमत बहुधा दोन दिनारियसची, आत चांदी मात्र दीडाचीच. 217 च्या एप्रिलमध्ये कॅऱ्हीजवळ त्याचा खून झाल्याची बातमी अँटिओकला पोचते. डोम्ना तिथेच अन्न सोडून मरते. पुढे तिलाही देवी केलं जातं, आणि जुनोचा मोर पुन्हा एकदा नाण्यावर येतो.

मार्सियानोपोलिस, तिसऱ्या शतकाचा मध्य

आजचा बल्गेरिया. ट्रेजनच्या बहिणीच्या, मार्सियानाच्या नावाने वसवलेलं शहर. तिचाही चेहरा चांदीवर आहे. उत्तरेकडून गॉथ येतायत. मध्यरात्री कुणीतरी जमिनीत खड्डा खणून मडक्यांत भरलेली दिनारियस पुरतंय. तुम्ही कंदील धरा. त्या ढिगात धाकटी-थोरली फाउस्टिना, डोम्ना, प्लॉटिला, सगळ्याजणी शेजारी शेजारी आहेत. पुरणारा परत आला नाही. 1929 साली रेका देव्निया गावी हा ठेवा सापडला आणि त्यातल्या 81 हजारांहून जास्त नाण्यांची नोंद झाली. कुठल्या सम्राज्ञीची कुठली देवी किती प्रमाणात टांकसाळीतून बाहेर पडली, याचा अंदाज बांधायला अभ्यासकांना अशा ठेव्यांइतकं विश्वासाचं साधन दुसरं नाही.

शेवटचा थांबा 267 च्या आसपास, पुन्हा रोमच्या टांकसाळीत. सम्राट गॅलिएनसची राणी सालोनिना चंद्रकोरीवर आहे. मागे एक हरिणी, आणि रक्षणकर्त्या जुनोला उद्देशून चार अक्षरं. निवलेल्या नाण्यावर नख ओढलंत तर कळेल, हे जवळपास तांबंच आहे, वरून चांदीचा पातळ मुलामा. बाजारात चार दिवस फिरलं की तोही उडतो. सीमेवर टोळ्या, पूर्वेला इराणी, पश्चिमेकडचे प्रांत फुटून निघालेले. राखायला देवीखेरीज कुणी उरलेलं नाही.

आता परत या.

या नाण्यांवरच्या बाया खऱ्या होत्या. त्यांची नाकं, हनुवट्या, केस ठसा कोरणाऱ्याने बऱ्याच निष्ठेने उतरवले. पण त्यांच्या पाठीमागे कोणती देवी उभी राहणार हे ठरवणारं राज्य होतं, आणि त्या राज्याला ज्याची वाण होती तेच ते देवीच्या तोंडून जाहीर करत होतं: वारस, विजय, एकोपा, रक्षण. म्हणून संग्रहालयात असं नाणं दिसलं तर चेहरा बघून पुढे सरकू नका. मागच्या बाजूचं चित्र लावलंय का ते शोधा, नसेल तर तिथल्या माणसाला विचारा. कोणती देवी, कोणत्या साली, आणि चांदी किती, हे तीन प्रश्न विचारलेत तर त्या वर्षीच्या रोमबद्दल ते नाणं तुम्हाला दरबारी इतिहासकारापेक्षा जास्त खरं सांगेल.